पांढऱ्या पट्ट्याचे टायर

टायर म्हटला की तो काळाच, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की त्याला मुळात दुसरा रंग असू शकेल अशी शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. २०२१ साली एका जुन्या स्पोर्ट्स मोटारीसाठी पांढऱ्या पट्ट्याचे टायर शोधण्याचे काम आमच्या अंगावर आले आणि ते पुरे होण्यास दोन वर्षे लागली. त्या निमित्ताने रबर या पदार्थाविषयी जे ज्ञान आमच्या पदरी पडले, त्यातील थोडे वाचकांपुढे ठेवावे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत. विषय किरकोळ आहे, हे आम्ही जाणून आहोत. तरीही वाचकांनी तो शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती आहे. कारण ज्यांच्या घरी जुनी मोटार नाही, त्यांच्या दारीही टायर असतातच.

रबराच्या झाडाला खाच पाडली असता जो चीक पाझरतो, तो दुधासारखा पांढरा असतो. लहानपणी कोकणात वडाचे पान तोडून त्याचा चीक ज्यांनी बोटावर घेतला आहे, त्यांना त्याचा रंग वेगळा सांगावयास नको. अगदी प्रारंभीच्या मोटारींच्या टायरांत या रबराबरोबर झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताची पांढरी भुकटी मिसळीत. त्यामुळे ते टायर सबंधच पांढरे किंवा फिकट राखी दिसत. दिसावयास ते सुरेख असले, तरी झिजावयास फार वेळ लागत नसे. १९१०च्या दशकात कारखानदारांच्या ध्यानात आले की रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची बारीक काजळी घातली असता टायर कितीतरी अधिक टिकतो. मग खर्च बेताचा राहावा म्हणून काहींनी ही काजळी टायरच्या केवळ जमिनीस टेकणाऱ्या भागात घातली आणि बाजू तशीच पांढरी ठेवली. पुढे ज्या पांढऱ्या पट्ट्याला श्रीमंतीचे लक्षण मानण्यात आले, त्याचा जन्म असा काटकसरीतून झाला. त्या काळी ऐटबाज मोटारीचा टायर सर्वांगाने काळा असे. तो चिखलाने मळलेला दिसत नसे, हाही त्याचा एक गुण होताच.

१९३०च्या दशकात हे उलटले. काळा टायर सर्वांच्या गाड्यांना आला, तेव्हा ज्यांना वेगळे दिसावयाचे होते त्यांनी पांढऱ्या बाजूचा टायर जादा पैसे देऊन मागितला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत तर या शोकाला भरती आली. १९५३ साली शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स मोटार प्रथम बाजारात आणली. त्या वर्षीच्या तीनशेही गाड्या बाहेरून पांढऱ्या आणि आतून लाल होत्या, आणि प्रत्येकीला पांढऱ्या पट्ट्याचे टायर होते. त्या सुमाराचा पट्टा चांगला रुंद, जवळजवळ टायरची सबंध बाजू व्यापणारा असे. दशकाच्या अखेरीस तो अरुंद होऊ लागला आणि १९६२च्या सुमारास बोटभर उरला. एखाद्या जुन्या मोटारीचे वय तिच्या टायरच्या पट्ट्यावरून अजमावणारे जाणकार आम्ही पाहिले आहेत. लुगड्याच्या काठाच्या रुंदीवरून ते कोणत्या पिढीतले हे सांगणाऱ्या आमच्या आजीची त्यांना पाहून आठवण होते.

आता आमच्या मोटारीविषयी. खरे म्हणजे ती आमच्या थोरल्या बंधूंची. ते मुंबईस परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. १९६४ साली सहकुटुंब इस्राएलला आले आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या अश्दोदच्या बंदरात यंत्रदुरुस्तीच्या कामी लागले. १९८४ साली अमेरिकेहून स्थायिक होण्यास आलेल्या एका गृहस्थाने सोबत आणलेली १९६० सालची एम.जी.ए. १६०० ही दोन आसनांची उघडी मोटार त्यांनी विकत घेतली. ती चालू स्थितीत नव्हती, म्हणूनच ती त्यांना परवडली. पुढली चार वर्षे त्यांनी तिचा खिळा न् खिळा सुटा केला आणि पुन्हा जोडला. मूळ मालकाने मोटारीबरोबर एक छायाचित्रही दिले होते. त्यात ही गाडी न्यू जर्सीतील एका घरापुढे उभी होती आणि तिच्या टायरांवर लख्ख पांढरे पट्टे होते. बंधूंना मिळाली तेव्हा तिला काळे टायर होते, तेही निरनिराळ्या जातीचे. ते छायाचित्र त्यांनी आयुष्यभर हत्यारांच्या कपाटाच्या दारावर आतून लावून ठेवले. २०२१ साली ते गेले. वहिनींनी मोटारीच्या किल्ल्या आमच्या हाती दिल्या, त्याबरोबर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबाही दिला. त्यात पाकिटात घातलेले पैसे होते आणि पाकिटावर बंधूंच्या अक्षरात ‘टायर’ एवढेच लिहिलेले होते. नातीचे लग्न दोन वर्षांनी व्हावयाचे ठरले होते. ती या गाडीतून जावी आणि गाडी त्या छायाचित्रातल्यासारखी असावी, अशी वहिनींची इच्छा होती.

प्रथम शोभते की नाही हाच वाद निघाला. जुन्या मोटारी बाळगणाऱ्या आमच्या परिचितांत एक पक्ष असा आहे की इंग्रजी स्पोर्ट्स मोटारीला काळाच टायर शोभतो. पांढरा पट्टा हा अमेरिकेच्या लांबरुंद गाड्यांचा दागिना. या पक्षाच्या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि एम.जी.ए.ची गोष्ट थोडी निराळी पडते. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात या जातीच्या एक लाखाहून अधिक गाड्या झाल्या. त्यांतील फारच थोड्या इंग्लंडात राहिल्या आणि बहुसंख्य अमेरिकेस गेल्या. तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी पांढऱ्या पट्ट्याचे टायर ही जादा पैसे देऊन मागवावयाची वस्तू म्हणून उपलब्ध होती. तेव्हा आमची मागणी इतिहासाला सोडून नव्हती. शिवाय छायाचित्राचा पुरावा कपाटाच्या दारावर होताच.

शोधास आरंभ जवळच्या टायरवाल्यापासून केला. वाचकांना ठाऊकच आहे की या देशात टायरच्या दुकानाला ‘पंचरिया’ म्हणतात. मुंबईत ‘पंक्चर’ म्हणत वाढलेल्या आमच्या पिढीला हिब्रूतील जे शब्द न शिकता आले, त्यांत हा एक. पंचरियाचे मालक बंधूंना ओळखत होते. त्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि अडचण पांढऱ्या पट्ट्याची मागाहून, आधी मापाची आहे हे दाखवून दिले. आमच्या गाडीचे मूळ माप ५.६०–१५. म्हणजे टायरची रुंदी सुमारे ५.६ इंच आणि ज्या रिमवर तो चढवावयाचा तिचा व्यास १५ इंच. रेडियल टायरांच्या भाषेत याच्या जवळचे माप १६५ आर १५. पंधरा इंचांचे टायर दुकानात ढिगाने होते. परंतु आजचा टायर रुंद आणि बुटका असतो. जुना टायर अरुंद आणि उंच. १६५ आर १५ची सबंध उंची सुमारे ६४ सेंटिमीटर भरते. दुकानातल्या १९५/५० मापाची ५८देखील भरत नाही. असा टायर बसवला तर गाडी खाली बसलेली दिसते, वेगदर्शक काटा खऱ्याहून अधिक वेग दाखवू लागतो आणि इंजिनाला तेवढ्याच अंतरासाठी अधिक फेरे घ्यावे लागतात. मालकांनी हे सर्व सांगून आम्हांला चहा पाजला आणि परत पाठवले.

यानंतर आम्हांपुढे एकामागून एक तीन सोपे मार्ग आले. तिन्ही मोहाचे होते.

पहिला मार्ग उत्तरेकडील एका विक्रेत्याच्या गोदामातला. त्याच्याकडे आमच्याच मापाचे पाच टायर, पांढऱ्या पट्ट्याचे, वेष्टनात गुंडाळलेले असे निघाले. नक्षी कोरी होती. पट्टा किंचित पिवळसर होता, पण धुतला असता उजळला असता. “हे रस्त्याला लागलेलेच नाहीत. काकडीसारखे ताजे आहेत,” असे तो म्हणाला, आणि किंमतही ताज्याचीच सांगितली. आम्ही टायरची बाजू कंदिलाखाली धरून त्यावरचा क्रमांक वाचला. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या टायरवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या अखेरीस जन्मतारीख असते. २००० सालापासून ही तारीख चार आकड्यांची आहे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. त्यापूर्वी तीनच आकडे असत आणि वर्षासाठी त्यांतला एकच आकडा खर्ची पडे. या टायरांवर तीन आकडे होते आणि शेवटी ८. म्हणजे १९७८, १९८८ किंवा १९९८. सर्वांत धाकटे वर्ष धरले तरी ते टायर चोवीस वर्षांचे होते आणि नवरी मुलगी त्यांच्यानंतर जन्मलेली.

रस्त्यावर न चाललेला टायर म्हातारा होत नाही, हा समज फार पसरलेला आहे. तो खरा नाही. हवेतील प्राणवायू व ओझोन रबराला आतून कडक करीत असतात, आणि उष्णतेने ही क्रिया वेग धरते. यावर उपाय म्हणून रबरात मेणासारखे पदार्थ घातलेले असतात. चाक फिरते, टायर दबतो व उलगडतो, तेव्हा ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन त्याचे रक्षण करतात. नुसत्या पडून राहिलेल्या टायरला हे औषधही नीट मिळत नाही. नक्षी जशीच्या तशी राहते. पण आतील थरांचा एकमेकांशी असलेला जोड सैल होत जातो. मग एखाद्या खमसीनच्या दिवशी, तापलेल्या रस्त्यावर, ताशी नव्वद किलोमीटरच्या वेगात, वरचा थर सालीसारखा सुटून येतो. अनेक टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि बनल्यापासून दहा वर्षांनी, तो चांगला दिसत असला तरी, बदलावा.

आम्ही घरी येऊन हे वहिनींना सांगितले. टायर इतके सुंदर होते, की सांगताना आमचा स्वर थोडा कच्चा पडला असावा. वहिनींनी एकच प्रश्न केला. “आपली पोर बसणार आहे ना त्या गाडीत?” त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. विक्रेत्याला नकार कळवला, तेव्हा तो नाराज झाला आणि हेच टायर दुसरा कोणी डोळे मिटून घेईल असे त्याने सुनावले. दुर्दैवाने त्याचे म्हणणे खरे ठरण्याचा संभव आहे.

दुसरा मार्ग रबरी कड्यांचा. पांढऱ्या रबराचे एक चपटे कडे मिळते. ते टायर आणि रिम यांच्या मध्ये दाबून बसवले की काळ्या टायरवर पांढरा पट्टा आल्याचा भास होतो. सावकाश चालणाऱ्या गाडीला ते एक वेळ चालेल. पण रेडियल टायरची बाजू मऊ असते आणि चालताना सतत फुगते-दबते. कडे तिच्यावर घासत राहते, मध्ये वाळूचे कण शिरतात आणि कानस फिरवावी तशी बाजू कातरली जाते. समुद्राकाठच्या अश्दोदमध्ये वाळूला काय तोटा! वेग वाढला की कड्याची बाहेरची कड फडफडू लागते, ते आणखी वेगळे. तिसरा मार्ग रंगाचा. टायरवर पांढरा रंग लावता येतो आणि पहिले काही दिवस तो बरा दिसतोही. मग टायर वाकतो तिथे तो तडकतो आणि पोपडे धरतो. लग्नघराच्या भिंतीचा चुना वरातीपूर्वीच गळावा, तसे हे होते.

खरा मार्ग सापडला तो अगदी अनपेक्षित दारातून. एके दिवशी पंचरियाच्या मालकांनी मापांची एक जुनी पुस्तिका चाळताना आम्हांला हाक मारली. ५.६०–१५ हे माप आणखी एका गाडीचे होते, आणि ती गाडी म्हणजे फोक्सवॅगन बीटल. त्या एका क्षणात सर्व चित्र पालटले. एम.जी.ए. एक लाख झाल्या. बीटल दोन कोटींहून अधिक. त्यांतल्या असंख्य आजही जगभर प्रेमाने जपल्या जातात आणि त्यांच्या मालकांनाही पांढरा पट्टा हवा असतो. म्हणून १६५ आर १५ या मापात पांढऱ्या पट्ट्याचे नवे टायर अद्याप तयार होतात. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९५८ साली स्थापन झालेली कोकर टायर ही कंपनी तर अशाच जुन्या धर्तीच्या टायरांसाठी प्रसिद्ध आहे.

यात मनाला अडखळविणारी एक गोष्ट होती, ती लपवून ठेवण्याचे कारण नाही. १९३०च्या दशकात ही जर्मन मोटार कोणाच्या हुकुमावरून जन्मास आली, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. या देशात तिच्यात पाऊल न टाकणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि बंदरात बंधूंच्या शेजारी काम करणारे एक पोलंडमधून आलेले वृद्ध सहकारी त्यांतलेच होते. त्यांच्याविषयी बंधूंना फार आदर होता. वहिनींनाही ते आठवले. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की टायर अमेरिकेत घ्यावयाचा आहे, लावावयाचा आपल्या गाडीला आहे; माप तेवढे सारखे निघाले. आम्हांला ते पटले. ज्यांना पटणार नाही, त्यांच्याशी आम्ही वाद घालणार नाही.

मागणी नोंदविण्यापूर्वी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, टायर रेडियल घ्यावयाचा की मूळचा क्रॉसप्लाय. क्रॉसप्लायमध्ये आतील धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदून जातात; रेडियलमध्ये ते चाकाच्या मध्याकडून परिघाकडे सरळ जातात. रेडियल रस्त्याला अधिक चिकटून चालतो. मायकेलिन कंपनीने तो १९४०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणला. दोन्ही जाती एका आसावर कधीही मिसळू नयेत, म्हणून आम्ही पाचही टायर, म्हणजे सुटे पाचवे चाक धरून, रेडियलच घेतले. दुसरी गोष्ट वेगाची. बीटल ही सावकाश गाडी, एम.जी.ए. १६०० मात्र ताशी १६० किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तेव्हा टायरवरील वेगाचे अक्षर वाचले. ‘एस’ म्हणजे १८० किलोमीटर, ‘टी’ म्हणजे १९०. गाडीच्या क्षमतेहून खालचे अक्षर घ्यावयाचे नाही. तिसरी गोष्ट, टायर कोणत्या आठवड्यात बनले हे विक्रेत्याकडून लेखी घेतले. डब्यातील रक्कम जहाजाचे भाडे, जकात व कर धरून पुरली नाही. उरलेली वहिनींनी आणि आम्ही मिळून घातली.

टायर आले ते निळे! क्षणभर वहिनींचा चेहरा उतरला. पण तो निळा लेप पांढऱ्या रबराला प्रवासात डाग पडू नयेत म्हणून लावलेला असतो आणि कोमट पाण्याने व साबणाने निघून जातो. आमच्या गाडीची चाके तारांची आहेत. तारांची टोके रिममधून आरपार येत असल्याने तिथून हवा निसटते, म्हणून आत ट्यूब घालावीच लागते. पंचरियाच्या मालकांनी टायरच्या आतले कागदी लेबल प्रथम खरवडून काढले, कारण ते ट्यूबला घासून भोक पाडते. मग रिमवर पट्टी बसवली, ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावली आणि पट्ट्याला लोखंड लागू नये म्हणून यंत्र न वापरता टायर हातांनी चढवले. एकेका चाकाला बराच वेळ लागला. मजुरी विचारली तेव्हा त्यांनी नव्या ट्यूबांचे तेवढे पैसे घेतले.

२०२३च्या उन्हाळ्यात लग्न झाले. गाडी वहिनींच्या नातवाने चालवली. आम्ही मागून दुसऱ्या गाडीत होतो. वहिनींनी दारातून गाडी निघताना पाहिली आणि मग आत जाऊन बंधूंच्या कपाटाच्या दारावरचे छायाचित्र काढून पिशवीत घातले. ते त्यांनी लग्नाच्या मंडपात जावयाच्या आईवडिलांना दाखवले, असे मागाहून कळले.

पांढऱ्या पट्ट्याची निगा फारशी अवघड नाही. काळ्या रबरातील रक्षक द्रव्ये हळूहळू बाहेर येतात आणि पट्ट्यावर तपकिरी झाक धरते. ती साध्या साबणाने व मऊ ब्रशाने महिन्यातून एकदा काढावी. पेट्रोल लावू नये. त्याने रबर बिघडते. गाडी उभी असताना टायरवर ऊन येऊ देऊ नये आणि ती फार दिवस एकाच जागी उभी ठेवू नये.

पट्टा नसलेल्या टायरांनाही ऊन आणि वय हेच नियम लागू आहेत. आपल्या समाजातील पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींच्या गाड्या आठवड्यातून एकदा, सिनेगॉगला नव्हे तर बाजारापुरत्या किंवा मुलाबाळांच्या भेटीपुरत्या निघतात. त्यांच्या टायरांची नक्षी वर्षानुवर्षे झिजत नाही, आणि म्हणून ते बदलण्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तेव्हा वाचकांनी हा अंक बाजूला ठेवल्यावर एकदा खाली उतरून आपल्या गाडीच्या टायरवरचे ते चार आकडे वाचावेत. आकडे आतल्या बाजूस असले तर नातवाला सांगून बॅटरी धरून पाहावे, आणि मागच्या पेटीतल्या पाचव्या चाकाला विसरू नये. बहुधा सर्वांत म्हातारे तेच असते.